वादकाचा वाटा



आजच्या व्याख्यानासाठी मी डेव्हिड गिल्मर या इंग्रज गिटारवादकाची कारकीर्द निवडली आहे. पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा हा गिटारवादक 1946 साली केंब्रिजमध्ये जन्मला. 2024 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्याचा ‘लक अँड स्ट्रेंज’ हा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याच वर्षी रोमच्या सर्कस मॅक्सिमसपासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनपर्यंत त्याचे कार्यक्रम झाले. त्याच्या संपत्तीचे निरनिराळे आकडे छापून येतात. ते बाहेरून बांधलेले अंदाज असतात, म्हणून मी ते बाजूला ठेवतो. तो अतिशय श्रीमंत आहे, याबद्दल मात्र वाद नाही. ही श्रीमंती आली कुठून, असे विचारले तर बहुतेक रसिक क्षणाचाही विलंब न लावता सांगतील की त्याच्या हातातून आली. असे वाजवणारा दुसरा झाला नाही, म्हणून त्याला एवढे मिळाले. हे उत्तर अपुरे आहे, आणि ते अपुरे असण्याची किंमत जगभरचे हजारो वादक मोजत आले आहेत, असे माझे म्हणणे आहे. गिल्मरला पैसा मिळाला तो मुख्यतः कागदावरच्या हक्कांमुळे. ज्या वाजवण्यासाठी आपण त्याला मानतो, त्या वाजवण्याला त्या कागदावर फार थोडी जागा आहे.

हाताचे कौशल्य पुरेसे असते, तर त्याची सुरुवात वेगळी झाली असती. 1967 साली, विशी ओलांडलेला गिल्मर आपल्या छोट्या बँडबरोबर फ्रान्समध्ये हॉटेलांतून आणि क्लबांतून वाजवत होता. बोटे तीच होती, कानही तोच होता. ते दिवस इतके हलाखीचे होते की कुपोषणामुळे त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. इंग्लंडला परतल्यावर त्याने काही काळ गाडी चालवण्याची नोकरी केली. पिंक फ्लॉइडचा तेव्हाचा गिटारवादक सिड बॅरेट हा त्याचा बालमित्र मानसिकदृष्ट्या ढासळत चालला होता, म्हणून 1968 च्या आरंभी पिंक फ्लॉइडने गिल्मरला आपल्यात घेतले. त्या बँडचा इएमआय कंपनीशी करार आदल्याच वर्षी झाला होता. म्हणजे गिल्मरच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती चालू करारात भागीदार म्हणून पाऊल टाकल्यामुळे.

रॉक संगीतातला पैसा तीन वाटांनी येतो, आणि पुढचे सगळे विवेचन या तीन वाटा वेगळ्या ठेवण्यावर अवलंबून आहे. पहिली वाट रचनेची. गाणे ज्याच्या नावावर नोंदले जाते, त्याला ते गाणे जगात कुठेही वाजले, छापले गेले, दुसऱ्या कोणी गायले, तरी वाटा मिळतो. आणि त्याच्या मृत्यूनंतरही कित्येक दशके वारसांना मिळत राहतो. दुसरी वाट ध्वनिमुद्रणाची. विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे कंपनी करारात ठरलेला हिस्सा बँडच्या सदस्यांना देते. तिसरी वाट नावाची. ‘पिंक फ्लॉइड’ हे दोन शब्द तिकिटावर छापले की स्टेडियम भरते, आणि ते छापण्याचा अधिकार कोणाचा, हा स्वतंत्र प्रश्न असतो. या तिन्ही वाटा मालकीच्या आहेत. वाजवण्याचा थेट मोबदला म्हणजे त्या दिवसाची बिदागी. ती एकदाच मिळते आणि तिथेच संपते.

आता एक उदाहरण जवळून पाहू. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च 1973 मध्ये आला आणि 1988 पर्यंत अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एकूण 741 आठवडे राहिला. त्यातले ‘मनी’ हे गाणे नाण्यांच्या आणि गल्ल्याच्या आवाजाने सुरू होते आणि सात मात्रांच्या चालीत पुढे सरकते. सॅक्सोफोनचा तुकडाही त्या साताच्या चालीतच वाजतो. तो संपतो आणि गिटारसाठी लय सरळ चारावर येते. इथून गिल्मर तीन आवर्तनांसारखे तीन टप्पे वाजवतो. पहिल्यात आवाज भरलेला, घुमणारा. दुसऱ्यात घुमारा काढून टाकलेला, वाद्ये विरळ, जणू खोलीतच कोणी वाजवते आहे इतका सुका आवाज. तिसऱ्यात पुन्हा सगळा भार परततो, आणि त्याला लागणारे वरचे स्वर नेहमीच्या गिटारवर मिळत नाहीत म्हणून तो चोवीस पडद्यांची दुसरी गिटार हातात घेतो. गाण्याला आज जी ओळख आहे, तिचा मोठा भाग या तुकड्यात आहे. असे असूनही ‘मनी’च्या नोंदीत रचनाकार म्हणून बँडचा बासवादक रॉजर वॉटर्स याचे एकट्याचे नाव आहे. शब्द त्याचे, चाल त्याची, बासवरची ती सुरुवातीची ओळही त्याची. तेव्हा त्याचे नाव योग्यच आहे. पण गिटारच्या त्या तीन टप्प्यांना रचनेच्या खात्यात एक पैचाही वाटा नाही. 1979 च्या ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागाचेही असेच. शेवटचा सोलो गिल्मरचा, रचना कागदोपत्री एकट्या वॉटर्सची.

‘कम्फर्टेबली नम’मध्ये गिल्मरला रचनेचा वाटा मिळाला, याकडे कोणी बोट दाखवील. मिळाला हे खरे, पण कशासाठी मिळाला? त्या गाण्याची स्वरसंगतींची मांडणी त्याने आपल्या 1978 च्या एकल अल्बमच्या सुमारास करून ठेवली होती. ती त्याने बँडला दिली आणि वॉटर्सने शब्द लिहिले. रचनेच्या नोंदीत त्याचे नाव आले ते या मांडणीमुळे. शेवटचा सोलो, ज्यासाठी लोक ते गाणे पुन्हापुन्हा लावतात, तो कसा घडला हे गिल्मरने मुलाखतीत सांगितले आहे. त्याने पाच-सहा वेळा वेगवेगळे वाजवले, मग प्रत्येकातला चांगला भाग कागदावर खुणा करून निवडला आणि मिक्सरवरच्या सरकपट्ट्या वरखाली करत ते सगळे एका ओघात जोडले. ही निवड, ही जुळणी रचना नाही तर काय आहे? कायद्याच्या दृष्टीने मात्र ते गाण्याचे एक सादरीकरण आहे. उद्या दुसरा कोणी ते गाणे त्या सोलोशिवाय गायला तरी गिल्मरला वाटा मिळेल, आणि नेमका तो सोलो दुसऱ्याच्या नावे नोंदलेल्या गाण्यात असता तर मिळाला नसता.

गिल्मरच्या पदरात निदान बाकीच्या दोन वाटा होत्या. ज्यांच्याकडे त्याही नव्हत्या, त्यांचे काय झाले हे ‘डार्क साइड’ अल्बममध्येच दिसते. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये शब्द नाहीत. क्लेअर टॉरी या गायिकेला जानेवारी 1973 मध्ये एका रविवारी ॲबी रोड स्टुडिओत बोलावण्यात आले. पियानोवर बँडच्या रिचर्ड राइटची स्वरमांडणी तयार होती. तिच्यावर काय गायचे हे कोणी लिहून दिले नव्हते. टॉरीने ते उत्स्फूर्तपणे, दोन-तीन खेपांत गायले आणि तिला तीस पौंड मिळाले. आपल्या संगीतात याला काय म्हणतात हे या सभागृहात सांगायला नको. जागच्या जागी सुचलेली ती पूर्ण बढत होती. अल्बमच्या कोट्यवधी प्रती खपल्या, रचनेच्या खात्यात राइटचे एकट्याचे नाव राहिले. तीस वर्षांनी, 2004 मध्ये, टॉरी न्यायालयात गेली. 2005 मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर स्वररचनाकार म्हणून तिचे नाव छापले जाऊ लागले. ‘अनदर ब्रिक’मध्ये गाणारी मुले लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेची होती. शाळेला एक हजार पौंड मिळाले. 1996 मध्ये ब्रिटिश कायद्यात सादरकर्त्यांच्या हक्कांची भर पडली, तेव्हा कुठे त्या मुलांना काही मागण्याची सोय झाली, आणि 2004 मध्ये, ती मुले मध्यमवयीन झाल्यावर, त्यांच्यातल्या काहींनी आपला वाटा मागितला.

हे सगळे पिंक फ्लॉइडच्या दुष्टपणामुळे झाले असे मी मुळीच म्हणत नाही. तीस पौंड हा रविवारचा रीतसर, चालू दर होता. पद्धतच तशी होती, आणि म्हणूनच हे उदाहरण वजनदार आहे. चांगली माणसे, प्रामाणिक हिशेब आणि ठरलेला दर असूनही निकाल असा लागतो, याचा अर्थ दोष मांडणीत आहे. ती मांडणी एकोणिसाव्या शतकातल्या छापील स्वरलिपीच्या व्यापारातून आली. कागदावर उतरते ती रचना, कागदाबाहेर राहते ती मजुरी, असा तिचा हिशेब. रॉक, ब्लूज, जॅझ आणि आपले रागसंगीत ही सगळी घराणी वाजवता वाजवता रचणाऱ्यांची. त्यांना हा हिशेब कधीच नीट बसला नाही.

या म्हणण्यावरचा सगळ्यात बळकट आक्षेप जोखमीचा आहे. मालकाला नफा मिळतो कारण तोटाही त्याचाच असतो. वादक आपली बिदागी घेऊन सुखाने घरी जातो. पिंक फ्लॉइडचाच इतिहास या आक्षेपाच्या बाजूने साक्ष देतो, आणि तो मला झाकायचा नाही. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी बँडने आपली कमाई नॉर्टन वॉरबर्ग या गुंतवणूक संस्थेमार्फत ठिकठिकाणी गुंतवली आणि लाखो पौंड बुडाले. त्या काळी ब्रिटनमध्ये वरच्या मिळकतीवर 83 टक्के कर होता. जे पैसे हातात राहिले नव्हते त्यांच्यावरही कर भरण्याची वेळ आली आणि बँडला वर्षभर देशाबाहेर राहून ‘द वॉल’ तयार करावा लागला. त्या अल्बमचे 1980-81 चे रंगमंचीय प्रयोग इतके खर्चिक होते की ते तोट्यात गेले. राइटला तोवर बँडमधून काढून पगारी वादक म्हणून ठेवले होते. प्रयोगांतून पैसे मिळाले ते त्याला एकट्याला. पुढे वॉटर्स बाहेर पडल्यावर 1987 मध्ये दौरा उभा करायला गिल्मर आणि ड्रमवादक निक मेसन यांनी स्वतःचे पैसे घातले. मेसनने त्यासाठी आपली 1962 ची फेरारी तारण ठेवली. जोखीम खरी होती, मोठी होती, आणि तिचा मोबदला त्यांना मिळायलाच हवा.

पण जोखमीला मुदत असते. ‘डार्क साइड’ची जोखीम 1973 च्या वर्षअखेरीस संपली होती, त्याचे उत्पन्न पन्नास वर्षे चालू आहे. राइटचेच पुढचे पाहा. 1987 च्या पुनरागमनात तो पुन्हा पगारावर होता, आणि तो दौरा प्रचंड नफ्यात गेला. तोट्याच्या वेळी पगार बरा वाटला, नफ्याच्या वेळी तोच पगार बँडच्या संस्थापकाला दाराबाहेर ठेवणारा ठरला. शिवाय जोखीम घेण्याची मुभा टॉरीला कोणी दिली होती? तीस पौंड किंवा एक शतांश वाटा, यांतले काय हवे असे तिला विचारले असते आणि तिने रोख रक्कम घेतली असती, तर हा आक्षेप तिला लागू झाला असता. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सपुढे 1965 मध्ये करार आला तो तीन वर्षांचा, रोख एक डॉलर आणि एक टक्का रॉयल्टीचा. नाव नसलेल्या, गरजू वादकाने त्यावर सही केली. ती सही पुढे कित्येक वर्षे कोर्टकचेऱ्यांना पुरली. याला मोकळ्या मनाने केलेली निवड म्हणणे मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. प्रत्येक वादकाला वाटा द्यायचा म्हटले तर गाण्याचे तुकडे तुकडे होतील आणि कोणताही व्यवहार करताना चाळीस सह्या गोळा कराव्या लागतील. हा आक्षेप ऐकायला भारी वाटतो, पण अनुभव त्याला दुजोरा देत नाही. ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ या प्रोकोल हॅरमच्या 1967 च्या गाण्यातली ऑर्गनची ओळ मॅथ्यू फिशरने बांधली होती. तो जवळजवळ चार दशकांनी न्यायालयात गेला. 2006 मध्ये न्यायालयाने त्याला संगीतरचनेत 40 टक्के वाटा दिला आणि 2009 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याचा हक्क कायम केला. त्यानंतर ब्रिटनचा संगीतव्यवसाय कोसळला नाही. प्रत्येक झंकाराला रचना म्हणा असेही मी सुचवत नाही. ठरलेले वाजवून जाणारा आणि गाण्याला नवा अवयव देणारा यांच्यातला फरक स्टुडिओत बसलेल्या प्रत्येकाला त्याच क्षणी कळतो. तो लिहून ठेवला जात नाही, एवढेच.

बाजाराला हा फरक पुरेपूर कळतो, याचा सगळ्यात लखलखीत पुरावा गिल्मरच्याच गिटारने दिला. 1970 साली न्यूयॉर्कच्या मॅनीज या दुकानातून त्याने घेतलेली काळी स्ट्रॅटोकास्टर ही कारखान्यातली साधी वस्तू होती. मूळच्या रंगावर काळा थर चढवलेला. पुढे पट्टी बदलली, दांडा एकाहून अधिक वेळा बदलला, स्वर थरथरवण्याची मागची कांडी कापून आखूड केली. 20 जून 2019 रोजी न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात तिचा अंदाज एक ते दीड लाख डॉलर होता. ती 39 लाख 75 हजार डॉलरला गेली. तोवर लिलावात कोणत्याही गिटारला एवढी किंमत आली नव्हती. गिल्मरच्या सव्वाशेहून अधिक वाद्यांचे मिळून 2 कोटी 14 लाख 90 हजार डॉलर आले. त्या लाकडात आणि तारांत एवढे काय होते? ‘मनी’, ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’, ‘कम्फर्टेबली नम’ यांमधला आवाज होता. म्हणजे ‘मनी’मधल्या ज्या वाजवण्याला रचनेच्या वहीत शून्य किंमत आहे, त्या वाजवण्याचा नुसता स्पर्श लागलेल्या वस्तूला बाजाराने जवळजवळ चाळीस लाख डॉलर मोजले. वादकाचे योगदान मोजता येत नाही, असे यापुढे कोणी म्हणू नये.

लिलावाचे सगळे उत्पन्न गिल्मरने क्लायंटअर्थ या पर्यावरणासाठी न्यायालयीन लढे देणाऱ्या संस्थेला दिले. त्याआधी 2002 च्या सुमारास लंडनमधले घर विकून आलेले 36 लाख पौंड त्याने बेघरांसाठी काम करणाऱ्या क्रायसिस या संस्थेला दिले होते, आणि 2005 मध्ये लाइव्ह एटच्या कार्यक्रमानंतर वाढलेल्या अल्बमविक्रीचा आपला नफाही दान करण्याचे जाहीर केले होते. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. तरीही दानाने वाटणीचा प्रश्न सुटतो, हे मी मानत नाही. दान कोणाला द्यायचे हे मालक ठरवतो. हक्काचा वाटा मागायला मालकाची मर्जी लागत नाही. मालकीचे वजन केवढे असते हे 2024 मध्ये पुन्हा दिसले. त्या वर्षी पिंक फ्लॉइडच्या ध्वनिमुद्रणांचे आणि नाव-प्रतिमेचे हक्क सोनी कंपनीने घेतले. रक्कम सुमारे 40 कोटी डॉलर असल्याचे वृत्त आले. रचनांचे हक्क त्या व्यवहारात नव्हते, ते रचनाकारांकडेच राहिले. एका संध्याकाळच्या बिदागीवर परतलेल्या वादकाचे नाव अशा व्यवहारात कुठेच येत नाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण हा धागा खरोखरच इथवर येतो. पिंक फ्लॉइडची इएमआय हीच आपल्या ‘एचएमव्ही’ची, ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाची, त्या काळातली पालक कंपनी होती. मुंबईच्या हिंदी आणि मराठी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे किती वादक आणि संयोजक बसत! माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट. गाण्याच्या चालीभोवतीचे सगळे बांधकाम यांच्यासारख्यांनी केले, आणि बहुतेक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव सहायक म्हणून आले किंवा आलेच नाही. ‘दम मारो दम’मधली गिटार भूपिंदर सिंग यांची, हे पुष्कळांना ते गायक म्हणून प्रसिद्ध झाल्यावर कळले. लता मंगेशकरांनी साठीच्या दशकात गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला तेव्हा मोहम्मद रफींनी विरोध केला: गायकाला मानधन मिळाले, तिथे व्यवहार संपला. रफींची भूमिका निर्लोभ होती, सज्जन माणसाची होती. पण तिच्यामुळे नुकसान झाले ते रफींहून फार लहान असलेल्या कलावंतांचे.

1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची मूळ व्याख्या लिहिलेल्या, छापलेल्या संगीतापुरती होती. ज्या देशात मैफल हीच रचना, त्या देशाने ही व्याख्या स्वीकारली! 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संगीतकार आणि चित्रपटनिर्माते यांच्या वादाचा निकाल लागला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात गायकाला या कायद्यात स्थान नसल्याबद्दल खंत नोंदवली. 1994 मध्ये सादरकर्त्यांचे हक्क कायद्यात आले आणि 2012 च्या दुरुस्तीने त्यांना व्यापारी वापरावर रॉयल्टीचा अधिकार दिला. 2013 मध्ये गायकांनी त्यासाठी आपली संस्थाही स्थापन केली. कायद्यातल्या ‘सादरकर्ता’ या व्याख्येत वादकाचाही समावेश आहे. कायदा मिळाला, आता अडते ते पुराव्यावर. ज्याचे नाव ध्वनिमुद्रणाच्या वेळी कुठेच नोंदले गेले नाही, तो वीस वर्षांनी कशाच्या आधारावर वाटा मागणार? टॉरीच्या बाजूला निदान एक आधार होता: अल्बमच्या वेष्टनावर 1973 पासून तिचे नाव गायिका म्हणून छापलेले होते.

म्हणून या सभागृहातल्या निर्मात्यांना, संगीतकारांना आणि महोत्सवांचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या आयोजकांना माझी विनंती आहे. तबला, संवादिनी, बासरी, गिटार, जे कोणी वाजवील त्याचे नाव रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी कागदावर लिहा, काय वाजवले ते लिहा, आणि जिथे वादकाने गाण्याला स्वतःची ओळ दिली आहे तिथे त्याचा टक्का त्याच दिवशी ठरवून दोघांनी सही करा. तेच नाव पुढे वेष्टनावर, यूट्यूबवरच्या माहितीत आणि स्ट्रीमिंगच्या नोंदीत जाऊ द्या. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या ध्वनिमुद्रणापासून हे करता येईल.